उल्लासची परीक्षा झाली, आता वर्ग कुणी चालवायचा?

गोदाकाठ (धागाकर्ता)

मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवतो, राष्ट्रीय सेवा योजनेचं काम माझ्याकडे आहे. आमची मुलंमुली आसपासच्या गावांत 'उल्लास'चे स्वयंसेवक म्हणून जातात. त्यामुळे प्रौढ साक्षरतेचं काम जवळून बघायला मिळतं. त्यावर इथे सविस्तर बोलावं असं बरेच दिवस मनात होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१८ च्या मार्चअखेर 'साक्षर भारत' योजना बंद झाली. मध्ये 'पढना लिखना अभियान' येऊन गेलं. मग २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी केंद्राने 'नव भारत साक्षरता कार्यक्रम' मंजूर केला, त्यालाच पुढे 'उल्लास' हे नाव मिळालं. १५ वर्षांपुढच्या कुणाही निरक्षर माणसाचं नाव नोंदवता येतं. जवळची शाळा हे केंद्र, शिकवायला स्वयंसेवक आणि शेवटी १५० गुणांची चाचणी: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के मिळाले की प्रमाणपत्र. कमी पडले तर नापास म्हणत नाहीत, 'सुधारणा आवश्यक' असा शेरा देतात. ज्याने कुणी हे ठरवलं त्याचे आभार मानावेसे वाटतात. आयुष्यभर कष्ट केलेल्या बाईच्या हातात नापासाचा कागद देणं क्रूरपणा झाला असता.

आता पैशांचं बघू. पाच वर्षांचा एकूण खर्च १,०३७.९० कोटी. त्यात केंद्राचे ७०० कोटी, उरलेले राज्यांचे. उद्दिष्ट आहे पाच कोटी माणसांचं. भागाकार केला तर माणशी २०८ रुपयेसुद्धा पुरते येत नाहीत. याच पैशांत सर्वेक्षण, पुस्तिका, प्रशिक्षण, ॲप, परीक्षा सगळं बसवायचं. साक्षर भारत २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा ७ कोटी लोकांसाठी ६,५०२.७० कोटी धरले होते, म्हणजे माणशी साधारण ९३० रुपये, आणि तेही तेव्हाचे. त्या योजनेत ग्रामपंचायतीमागे एक लोकशिक्षण केंद्र आणि दरमहा २,००० रुपये मानधनावर दोन प्रेरक, म्हणजे केंद्र चालवणारी माणसं, होते. आता शिकवणाऱ्याला एक रुपयाही नाही.

स्वयंसेवेची ताकद मी रोज बघतो, तिला कमी लेखत नाही. आमची एक विद्यार्थिनी स्वतःच्या आजीपासून सुरुवात करून गल्लीतल्या आठदहा बायकांना शिकवत होती. पण ती बी.ए. झाली आणि नोकरीसाठी पुण्याला गेली. त्यात तिचं काय चुकलं? वर्ग मात्र तिच्याबरोबर संपला. त्या बायका जोडाक्षरांपर्यंत आल्या होत्या, प्रमाणपत्र मिळालेलं होतं, आता घरात वाचण्याजोगं काही नाही आणि विचारायला माणूस नाही. त्यांतल्या काही जणी बचत गटाच्या रजिस्टरवर पुन्हा अंगठा लावू लागल्या आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. परीक्षेनंतर किमान दोन वर्षं वर्ग चालू राहिला पाहिजे आणि तो चालवणाऱ्या माणसाला शासनाने नियमित पगार दिला पाहिजे. प्रमाणपत्र मोजण्यापलीकडे जाऊन ही जबाबदारी सरकारने उचलायला हवी. तुमच्या भागात काय चाललंय ते जरूर लिहा.

सांजवात

वाचतेय. या विषयावर इथे कुणी लिहीत नाही. धन्यवाद.

फळा-खडू

नमस्कार सर. मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, दोनशिक्षकी शाळा. २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला तेव्हा आमच्यावर खूप टीका झाली. मी त्या बहिष्कारात होतो, म्हणून आमची बाजू मांडतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. घरोघर फिरून निरक्षर शोधायचे, त्यांना ॲपवर नोंदवायचं, स्वयंसेवकाशी जोडायचं, हे सगळं शाळेवर आलं. दोघांत चार वर्ग सांभाळणाऱ्या शाळेत एक शिक्षक या कामाला लागला की त्या दिवशी दोन वर्गांना शिक्षक नाही. आजीला शिकवताना नातवाचं शिक्षण बुडायला नको, एवढंच आमचं म्हणणं होतं.

पण चाचणीच्या दिवसाबद्दल मनापासून लिहितो. सकाळी १० ते संध्याकाळी ५ मध्ये केव्हाही यायचं, तीन तासांत पेपर सोडवायचा. बायका स्वयंपाक उरकून, जनावरांचं पाणी बघून येतात. इयत्ता तिसरीच्या बाकावर मावत नाहीत म्हणून सतरंजीवर बसतात. एका आजोबांनी पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढचा पेपर सोडवायच्या आधी बराच वेळ त्या नावाकडेच बघत बसले. त्या दिवशी कामाचा भार वगैरे काही आठवत नाही. म्हणूनच वाटतं की या कामाला स्वतंत्र माणूस द्या, आम्ही वर्गखोली, फळा, वीज सगळं देऊ.

अंगणातली

मी साक्षर भारतमध्ये प्रेरिका होते. दोन हजारांत घर चालत नव्हतं हे खरं. पण केंद्राची किल्ली माझ्याकडे होती आणि गावात सगळ्यांना ठाऊक होतं की संध्याकाळी सातनंतर दिवा लागला की वर्ग आहे. सासू सुनेला "कुठं निघालीस" म्हणून अडवायची, तेव्हा सून म्हणायची, सरकारी वर्ग आहे, मॅडम नाव लिहून घेतात. या 'सरकारी' असण्याचा बायकांना फार आधार होता. आता कॉलेजची पोरगी शिकवायला येते तेव्हा तोच आधार मिळतो का, ते तुम्ही सांगा.

शिकवण्याबद्दल थोडं लिहिते, कारण धोरणवाल्यांना हे कुणी सांगत नाही. पुस्तिकेतले सुरुवातीचे पाठ झाले की मी बायकांना घरातले कागद आणायला सांगायचे. रेशनकार्ड, लाइटबिल, गॅसची पावती, लग्नपत्रिका, औषधाची पट्टी. लग्नपत्रिका सगळ्यांत आवडती, कारण त्यात ओळखीची नावं असतात. हिशोब त्यांना तोंडी पक्का येतो, बाजारात कुणी फसवू शकत नाही. अडतं ते कागदावर. हातचा घेऊन बेरीज लिहायला शिकवताना त्या उत्तर आधी सांगतात आणि मग विचारतात, आता हे लिहायचं कसं. त्यांना येत असलेल्या गोष्टीपासून सुरुवात केली की महिन्याभरात फरक पडतो. मोठ्या माणसाला बालवाडीसारखं शिकवलं तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

आणि चष्मा! "आता डोक्यात शिरत नाही" असं म्हणणाऱ्या कितीतरी बायकांना प्रत्यक्षात अक्षर दिसतच नव्हतं. चाळिशी उलटली की जवळचं अंधुक होतं, पण ज्यांनी कधी वाचलंच नाही त्यांना ते कळणार कसं? सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारायची, एवढीच खूण. आम्ही ग्रामीण रुग्णालयात तपासणी करून चष्मे मिळवले आणि वर्गाची हजेरी वाढली. माणशी २०८ रुपयांत चष्मा कुठे बसणार?

सांजवात

अंगणातली ताई, चष्म्याचं वाचून थबकले. माझी आई शिकायला तयार नाही असं आम्ही भावंडं इतकी वर्षं म्हणत होतो. उद्याच डोळे तपासायला घेऊन जाते.

शून्यप्रहर

सगळ्यांच्या कळकळीचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. सरकारकडे पैसा मर्यादित आहे. तो लहान मुलांच्या शाळांवर खर्च झाला तर वीस वर्षांत निरक्षरता आपोआप संपेल. साठीच्या माणसाला अक्षर ओळखता आलं म्हणून त्याच्या कमाईत काय फरक पडतो? आज तर फोन बोलून दाखवतो, बोललेलं लिहून घेतो. दहावीच्या मुलांना धड वाचता येत नाही आणि आपण आजींच्या परीक्षा घेतोय. प्राधान्य कशाला द्यायचं हा प्रश्न विचारला पाहिजे.

पाचट

शून्यप्रहर, तुमचा प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तर देते. मी ऊसतोड कामगाराची मुलगी, बीड जिल्ह्यातली. आता नर्स आहे. आमच्याकडे कोयत्याची (ऊस तोडणाऱ्या जोडप्याची) उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, मुकादमाच्या (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या) वहीत लिहिलेली असते. किती घेतले, किती फिटले, सगळं त्या वहीत. माझ्या आईवडिलांना तोंडी आकडा पाठ होता, पण वहीतला आकडा वेगळा निघाला तर काय बोलणार? वही वाचता येत नाही तोवर भांडताही येत नाही. आई चाळिशीत अक्षरं शिकली. पुढच्या हंगामात तिने मुकादमासमोर वही मागून पान वाचलं. कमाई वाढली नाही, पण लिहिलेलं तिला दाखवूनच लिहायची पद्धत पडली. फोन वही वाचून दाखवेलही, पण त्यासाठी मुकादमाने ती फोनपुढे धरायला हवी!

आणि १५ वर्षांपुढचे म्हणजे फक्त आजीआजोबा नव्हेत. टोळीबरोबर जाऊन शाळा सुटलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुली आमच्या तांड्यांवर, वस्त्यांवर आजही आहेत. त्यांच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य आहे. त्या 'आपोआप संपेल'मध्ये कुठे धरायच्या?

गोदाकाठ सर, तुमच्याकडून एक गोष्ट राहिली. महाराष्ट्रात उल्लासची चाचणी २०२४ मध्ये १७ मार्चला झाली, २०२५ मध्ये २३ मार्चला. आमची माणसं दिवाळीनंतर गाव सोडतात, ती गाळप हंगाम संपल्यावर परततात. मार्चमध्ये कितीतरी टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात फडावर, म्हणजे उसाच्या शेतात, असतात. ज्यांना सगळ्यांत जास्त गरज आहे त्यांचाच वर्ग नोव्हेंबरात तुटतो आणि परीक्षेलाही ते गावात नसतात. एक चाचणी जून-जुलैत घ्या आणि साखर कारखान्याच्या तळावर, जिथे टोळ्या मुक्कामाला असतात, वर्ग भरवा. तळावर संध्याकाळी हजार माणूस एका ठिकाणी असतो, सरकारला त्याला शोधत फिरावं लागणार नाही.

गोदाकाठ

पाचट, हे इतकं सरळ आहे आणि तरी मी लेखात लिहिलं नाही. पुढच्या बैठकीत तुमचा मुद्दा लेखी देतो.

शून्यप्रहर, आणखी एक आकडा बघा. केंद्र सरकारच्या स्वतःच्या अंदाजाने ही योजना मंजूर झाली तेव्हा देशात १५ वर्षांपुढचे १८.१२ कोटी लोक निरक्षर होते. योजनेचं उद्दिष्ट ५ कोटी. म्हणजे शंभर टक्के यश मिळालं तरी १३ कोटींहून जास्त माणसं बाहेर राहतात. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क दिला, त्यामुळे शाळा नसेल तर पालक कोर्टात जाऊ शकतो. त्या वयात ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांना मात्र हक्क कुठलाच नाही, त्यांच्या वाट्याला योजना येते आणि मुदत संपली की जाते. प्राधान्य मुलांना द्याच, पण यांचंही देणं सरकार लागतं असं मला वाटतं.

तांबडी माती

कोकणातून लिहितोय. नव्वदच्या दशकात संपूर्ण साक्षरता अभियानात उमेदीची वर्षं दिली, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबेल.

१९७८ मध्ये २ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मानधनावरचे शिक्षक होते. खूप ठिकाणी वर्ग कागदावर राहिले. त्यानंतर १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं आणि केरळात एर्नाकुलमने वेगळाच रस्ता दाखवला. तिथे जिल्हाधिकारी, ग्रंथालय चळवळ, शास्त्र साहित्य परिषद ही विज्ञान चळवळ, शाळाकॉलेजं असे सगळे मिळून उतरले आणि ४ फेब्रुवारी १९९० ला एर्नाकुलम देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा जाहीर झाला. शिकवणारे सगळे बिनपगारी. पुढच्याच वर्षी, १८ एप्रिल १९९१ ला, कोझिकोडच्या मैदानावर चेलक्कोडन आयेशा या नवसाक्षर बाईंनी केरळ संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा केली. त्याच नमुन्यावर देशभर जिल्हा साक्षरता समित्या निघाल्या. कलाजत्थे, म्हणजे गाणी-नाटकं करणारी पथकं, गावोगाव फिरायचे. आम्ही पथनाट्यं बसवली, पेट्रोमॅक्सच्या उजेडात गाणी म्हटली. तीन पुस्तिका, सुमारे २०० तासांचं शिक्षण, पुस्तिकेतच चाचण्या, अशी ती पद्धत होती.

म्हणून गोदाकाठ, पगारी माणूस नेमला की प्रश्न सुटला, हे मला मान्य नाही. माणसं वर्गाला येतात ती जिवंत प्रश्नासाठी. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावात साक्षरता वर्गातल्या बायकांनी पुस्तिकेत सीताम्माची गोष्ट वाचली. गोष्ट दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची. बायकांनी गावातलं अरकचं (देशी दारूचं) दुकान बंद पाडलं, ती लाट जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरली आणि १९९३ मध्ये सरकारला अरकवर बंदी घालावी लागली. तमिळनाडूत पुदुकोट्टईला त्याच काळात शीला राणी चुंकत जिल्हाधिकारी होत्या. तिथे साक्षरतेबरोबर बायकांना सायकल शिकवली. खाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या हजारो बायका सायकलवर बसल्या. पगारी कर्मचारी हे घडवू शकला असता का?

अंगणातली

काका, लाट होती हे मान्य. पण लाट ओसरल्यावर काय राहिलं तेही सांगा ना.

तांबडी माती

सांगतो ताई, तो प्रश्न टाळायचा नाही. १९९४ मध्ये अरुण घोष यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने या अभियानांचा आढावा घेतला तेव्हाच इशारा दिला होता की नवसाक्षर कच्चे आहेत, पुढचा टप्पा वेळेवर सुरू झाला नाही तर शिकलेलं विसरतील. कित्येक जिल्ह्यांत तो टप्पा उशिरा आला किंवा आलाच नाही. आमच्याकडेही तेच झालं. आपल्याकडे याहून जुना अनुभव आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. अख्खं गाव शपथ घ्यायचं, देवळात वर्ग भरायचे, गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. खर्च अगदी थोडा. ती मोहीम पुढे राज्यभर गेली, पण समारंभ झाल्यावर वाचन टिकवायची व्यवस्था तोकडीच राहिली.

त्याच केरळचं पुढचं काम बघा. त्यांनी घोषणेनंतर साक्षरता मिशन बंद केलं नाही. चौथी, सातवी, दहावी, बारावीच्या समकक्ष परीक्षा सुरू ठेवल्या. २०१८ मध्ये कार्त्यायनी अम्मांनी ९६ व्या वर्षी त्यांच्या साक्षरता परीक्षेत १०० पैकी ९८ गुण मिळवले ते याच व्यवस्थेत. तेव्हा आपल्या दोघांचं म्हणणं जोडून घेऊ. माणसांना वर्गात आणायला चळवळ हवी आणि ती ओसरल्यावर दार उघडं ठेवायला पगारी माणूस हवा.

गोदाकाठ

काका, हे मला पटलं. आमच्या पोरांना पथनाट्य शिकवायला याल का? प्रवासखर्च आमचा.

सातपुडा

नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती, आमच्या जिल्ह्याची ६४.३८, राज्यात सगळ्यांत कमी. यामागे रस्ते, स्थलांतर ही कारणं आहेतच, पण भाषेबद्दल कुणी बोलत नाही. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर बायका घरात पावरी, भिली बोलतात. त्यांना प्रमाण मराठीतली पुस्तिका देणं म्हणजे अक्षर आणि भाषा दोन्ही एकदम शिकवणं. मेळघाटात कोरकूचं, गडचिरोलीत गोंडी आणि माडियाचं तेच. जनगणनेची व्याख्या सांगते की कोणत्याही भाषेत समजून वाचता-लिहिता आलं की माणूस साक्षर. मग पहिले दोन महिने पावरी, भिली शब्द देवनागरीत लिहून शिकवायला काय हरकत आहे? आम्ही आमच्या पातळीवर तसं करतो. 'याहा' म्हणजे आई, हा शब्द फळ्यावर लिहिला की बायकांचा चेहरा बदलतो. पाड्यावरच्याच बारावी झालेल्या मुलीला मानधन देऊन नेमलं तर भाषेचा आणि पगाराचा, दोन्ही प्रश्न एकदम सुटतील.

सुईदोरा

+१ सातपुडा.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे ३० मे २०२५ ला, घटकराज्य दिनी, उल्लासअंतर्गत गोवा पूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर झालं. त्याआधी लडाख आणि मिझोराम झाले होते. ९५ टक्क्यांच्या पुढे गेलं की पूर्ण साक्षर धरतात. पंचायतींनी, स्वयंपूर्ण मित्रांनी (पंचायतींसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांनी) शोधून शोधून माणसं काढली, त्यांचं कौतुक आहेच. पण उरलेले कोण हे बघायला हवं. माझ्या ओळखीतले निरक्षर बहुतेक बांधकामावरचे आणि मच्छीमार ट्रॉलरवरचे मजूर आहेत. ते आज इथे, उद्या दुसरीकडे. त्यांचं नाव कुठल्या राज्याच्या यादीत येणार? पाचट यांनी ऊसतोडीबद्दल जे लिहिलं तेच इथे वेगळ्या रूपात आहे. घोषणा झाल्यावर निधी आणि लक्ष दोन्ही कमी होऊ नये ही काळजी आहे.

ग्रंथालयातला

गावातलं सार्वजनिक ग्रंथालय चालवतो, 'ड' वर्ग. वाचायला काही नाही असं धागाकर्त्यांनी लिहिलंय, त्यावर बोलतो. १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात अकरा-बारा हजार अनुदानित ग्रंथालयं आहेत. प्रौढांच्या वर्गासाठी नवी इमारत कशाला शोधता? जागा आहे, कपाट आहे, वर्तमानपत्र येतं. आमच्याकडे नाही ती नवसाक्षरांची पुस्तकं. मोठा टाइप, छोटी वाक्यं, पण विषय मोठ्या माणसांचे: बियाणं, बाळंतपण, वारसनोंद, जत्रा, भुताच्या गोष्टीसुद्धा. पूर्वी राज्य संसाधन केंद्रांकडून, म्हणजे प्रौढ शिक्षणाचं साहित्य तयार करणाऱ्या संस्थांकडून, अशी पुस्तकं निघायची. त्या काळातल्या काही प्रती आमच्याकडे अजून आहेत, पानं सुटत आलीत तरी नेली जातात. शासनाने दरवर्षी अशी वीस-पंचवीस पुस्तकं काढून प्रत्येक ग्रंथालयाला दिली आणि ग्रंथपालाला आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग घेण्याचं वेगळं मानधन दिलं, तर गोदाकाठ म्हणतात तो दोन वर्षांचा वर्ग उद्यापासून उभा राहील. आमचा ग्रंथपाल आज ज्या पैशांवर काम करतो ते लिहायला संकोच वाटतो.

शून्यप्रहर

सगळे प्रतिसाद नीट वाचले. पाचट यांच्या मुकादमाच्या वहीवर माझ्याकडे उत्तर नाही. मुलांच्या शाळांना आधी, हे माझं मत कायम आहे, पण अठरा-वीस वर्षांच्या शाळा सुटलेल्या मुलींचा विचार मी केला नव्हता. त्यांना साक्षरतेच्या पुढे काय मार्ग आहे?

फळा-खडू

आहे की. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा घेतं. त्यापुढे दहावी-बारावीला राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. हाताला काम हवं असेल तर जन शिक्षण संस्थानं आहेत. त्यांची सुरुवात १९६७ मध्ये मुंबईत वरळीला श्रमिक विद्यापीठ म्हणून झाली होती, २०१८ पासून ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहेत. शिवणकाम, इलेक्ट्रिकची कामं असं बरंच शिकवतात आणि निरक्षर माणसालाही घेतात. अडचण अशी की उल्लास शिक्षण विभागाकडे, जन शिक्षण संस्थान कौशल्य विभागाकडे, बचत गट ग्रामविकासकडे, ग्रंथालयं आणखी वेगळ्या विभागाकडे. बाई मात्र एकच. तिला या चार दारांची ओळख करून देणारा माणूस गावात नाही. प्रेरक नेमकं तेच करायचे.

अंगणातली

सर, अगदी. माझं निम्मं काम तेच होतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. आमच्या पंचक्रोशीत लगेच करता येण्याजोगं काय, ते इथे मांडतो. २०२७ नंतरच्या योजनेसाठी मागण्या पाठवायच्याच आहेत: पगारी प्रेरक, जूनमधली चाचणी, फडावरचे वर्ग, बोलीभाषेतल्या पुस्तिका, चष्मा. पण तोवर थांबायला नको. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शिक्षणावर खर्च धरता येतो. येत्या ग्रामसभेत दोन गावांपुरता प्रस्ताव ठेवतोय: ग्रंथालयाच्या जागेत संध्याकाळचा वर्ग, गावातल्याच एका शिकलेल्या सुनेला मानधन, ग्रामीण रुग्णालयाकडून डोळ्यांची तपासणी. सरपंचबाई स्वतः चाळिशीत शिकलेल्या आहेत, त्यामुळे आशा आहे. ग्रंथालयातला, त्या जुन्या पुस्तकांची यादी मिळाली तर छपाईचा खर्च काढून बघतो.

ग्रंथालयातला

यादी या आठवड्यात पाठवतो. पानांचे फोटोही काढून ठेवतो, प्रती फार नाजूक झाल्यात.

सांजवात

आईचे डोळे तपासून आणले, जवळचा नंबर निघाला. चष्मा परवा मिळेल. उल्लासमध्ये तिचं नाव कसं घालायचं? आमच्याकडे स्मार्टफोन माझाच आहे आणि मी दुसऱ्या गावी असते.

फळा-खडू

ताई, फोन नसला तरी चालतं. आई राहतात तिथल्या जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र घेऊन जा, नोंदणी शाळा करून देते. शिकवायला घरातलंच कुणी स्वयंसेवक म्हणून नोंदवता येतं, शेजारची नववी-दहावीतली मुलगी असेल तरी उत्तम. पुस्तिका शाळेकडून मागून घ्या. तिथे काही अडलं तर इथेच लिहा.